तीन ठिकाणी ठेवणाऱ्या गजभिये काकू

गजभिये काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भिलाईच्या सुपेला भागातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. काउंटरवर त्यांनी चार डिस्का ओळीनं मांडून घेतल्या होत्या आणि दुकानदाराला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होत्या.

“ये कितने साल चलेगी, भैया?”

“तीन साल की वारंटी है, मॅडम.”

“वारंटी नहीं पूछी. उमर पूछी.”

“बिगड़ गई तो कंपनी नई देगी ना.”

“नई डिस्क देगी. अंदर का कौन देगा?”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी मागे उभा होतो. माझा रुआबांध्याला फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई चालू होती, घरातल्या दोन्ही डिस्का भरल्या होत्या आणि मला फक्त जागा हवी होती. मोठ्यातली मोठी, स्वस्तातली स्वस्त. तेवढ्यात बायकोचा फोन आला, मी मराठीत बोललो, आणि त्या बाई गर्रकन वळल्या.

साठी ओलांडलेल्या, किडकिडीत. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. गळ्यात चष्म्याची दोरी, आणि त्याच दोरीला अडकवलेलं एक लहानसं भिंग.

“मराठी हाव का? कोठले?”

“दुर्गचा. आता रुआबांध्याला असतो.”

“काय ठेवता डिस्कमंदी?”

“लग्नाचे व्हिडिओ.”

“मंग तुमाले जागा पायजे का जतन पायजे?”

मला प्रश्न कळला नाही. दोन्ही एकच की, असं मी म्हणालो. त्यांनी एका शाळामास्तरणीच्या सबुरीनं काउंटरवरची एक चपटी डिस्क उचलली.

“ही पाहा. हिच्यात चाक नाही, काही फिरत नाही. लई पळते. रोजच्या कामाले हीच घ्या. पण भरून कपाटात ठेवली आन दोन-चार वर्षं वीज नाही दाखवली, तर ही हळूहळू विसरू शकते. वरून आपल्या इथलं ऊन. आन ही दुसरी,” त्यांनी जाड डिस्क पुढे सरकवली, “हिच्यात चाक फिरते. मंद हाय, पडली तर मरते. पण शांत ठेवली, अधूनमधून फिरवली, तर सांगितलेलं धरून ठेवते. जतनासाठी ही. आन दोन घ्या. एकाच दिवशी एकाच खोक्यातल्या नका घेऊ. जुळ्या बहिणी संगच आजारी पडतात.”

मी मान डोलावली आणि एकच डिस्क घेऊन निघालो. सर्वांत मोठी. बाई जरा सटकलेल्या आहेत असं मला वाटलं, हे कबूल करतो.

तीन आठवड्यांनी त्या माझ्या स्टुडिओत हजर झाल्या. पावतीवर माझं नाव-पत्ता त्यांनी तिथंच उलटा वाचून घेतला होता. काम काय, तर कॅमेऱ्याच्या नि लेन्सच्या खोक्यांत ओलावा शोषणाऱ्या ज्या पांढऱ्या पुड्या येतात, त्या मी फेकतो का ठेवतो?

“फेकतो.”

“मले देत जा. पावसाळ्यात लागतात.”

अशी आमची ओळख झाली. पुड्या द्यायला मी सेक्टर दहामधल्या त्यांच्या क्वार्टरवर जायला लागलो. पुढे पुड्या नसतानाही जाऊ लागलो.

काकू मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. लग्न होऊन भिलाईला आल्या आणि पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागल्या. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर मेणासारखं गुळगुळीत कापड अंथरायचं आणि काळ्या शाईनं रेघन् रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांना जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवण्याच्या कामावर बसवलं. तिथं त्यांना जे दिसलं त्यानं त्यांच्या डोक्यात किडा सोडला. त्यांनी तरुणपणी गिरवलेलं कापड तीस-पस्तीस वर्षांनी उलगडलं तर आरशासारखं स्वच्छ. आणि त्याच्या कितीतरी नंतर कोणीतरी फ्लॉपीवर ठेवलेले नकाशे उघडेचनात. काही फ्लॉप्यांना बुरशी, आणि ज्यांना बुरशी नव्हती त्या वाचणारं यंत्रच कुठं शिल्लक नव्हतं.

“मी घरी आली आन जेवलीच नाही,” त्या सांगत. “दुःख नोयतं झालं. मले नवल वाटलं. नवीन वस्तू आधी कावून मरते? हे समजून घ्यावं म्हटलं.”

निवृत्तीनंतर त्या हेच समजून घेत बसल्या. त्यांच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या जागी एक लाकडी टेबल होतं आणि त्यावर मेलेल्या डिस्का उघडून ठेवलेल्या. आतल्या तबकड्या इतक्या चकचकीत की त्यांत तोंड पाहावं. काकू शेजारपाजारच्यांकडून बिघडलेल्या डिस्का, पेन ड्राइव्ह, जुन्या सीड्या मागून आणत आणि का बिघडल्या ते शोधत. मी एकदा विचारलं, शोधून काय करता? “काई नाही. समजते,” म्हणाल्या.

चालू डिस्कांचा थाट वेगळा होता. प्रत्येकीवर एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवरचं अक्षर ड्रॉइंग ऑफिसातलं, छापल्यासारखं उभं. नाव, जन्म, पहिली तपासणी, दुसरी तपासणी. सहा महिन्यांनी त्या प्रत्येक डिस्क जोडून चालवत, कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. ही सवय त्यांच्या यजमानांची. देवराव गजभिये चरोद्याच्या रेल्वे यार्डात होते. मालगाडीच्या डब्यांच्या, म्हणजे वाघिणींच्या, चाकांवर हातोडी मारायची आणि आवाजावरून तडा ओळखायचा, असं त्यांचं काम. मी काकूंकडे जायला लागलो तेव्हा ते नुकतेच वारले होते. काकू त्यांच्याविषयी बोलत तेव्हा नेहमी वर्तमानकाळात बोलत. “गजभिये म्हणतात, लोखंड खोटं नाही बोलत.”

काकूंचं स्वतःचं एक म्हणणं होतं, ते मी पुढे माझ्या स्टुडिओत भिंतीवर लिहून लावलं. “उघडून पाहिल्याशिवाय कॉपी हाय असं म्हणू नये.” त्या कॉपी केलेली प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन जागी वाजवून पाहत. शिवाय कॉम्प्युटरकडून प्रत्येक फाइलचा एक आकडा काढून घेत. फाइलीत काना-मात्रा जरी बदलली तरी तो आकडा बदलतो. त्याला त्या फाइलीचा अंगठा म्हणत. “दस्तऐवजावर अंगठा असते ना, तसा. दुसऱ्या डिस्कवरचा अंगठा जुळला पायजे.”

आणि या सगळ्या बंदोबस्तात त्या ठेवत काय होत्या? माणसं.

भिलाईत बाहेरून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून काकू एकच प्रश्न विचारत आणि उत्तर छोट्या रेकॉर्डरवर घेत. “भिलाईत आले त्या पहिल्या दिवशी काय खाल्लं?” बस, एवढंच. कुठून आलात, कावून आलात, असलं काही नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “कावून विचारलं तं माणूस भाषण देते. काय खाल्लं विचारलं तं खरं आठवते.”

आणि तसंच व्हायचं. कोणी फुटाणे सांगे, कोणी सांगे की पंजाबी शेजारणीनं पराठे दिले आणि ते कसे खायचे हेच कळलं नाही. गोंदियाकडून आलेल्या एका म्हाताऱ्यांचं रेकॉर्डिंग काकूंनी मला ऐकवलं. ते दोन दिवस उपाशी चालत आले होते. रुआबांध्याच्या अलीकडे एका झोपडीशी पाणी मागितलं. आतल्या छत्तीसगढी बाईनं पाण्याऐवजी बासी आणून ठेवली, रात्रीचा पाण्यातला भात, वर कांदा. म्हातारे रेकॉर्डिंगमध्ये आधी त्या भाताची चव सांगतात. मग म्हणतात, “आमच्या गावात आधी जात विचारत, मंग पाणी वरून ओतत. या बाईनं आधी जेवाले दिलं. मंग नाव विचारलं. जात इचारलीच नाही. मी म्हटलं, आता इथंच राहाचं.”

काकूंनी ते बंद केलं आणि मला म्हणाल्या, “हे एका डिस्कवर ठेवाची हिंमत होईल का तुही?”

म्हणून त्या तीन ठिकाणी ठेवत. एक प्रत टेबलावरच्या डिस्कवर, दुसरी आतल्या खोलीत स्टीलच्या डब्यात माझ्या पुड्यांसकट, आणि तिसरी चरोद्याला त्यांच्या बहिणीकडे. “आग लागली, चोर आला, टाकी फुटली, तं एका घरातल्या दोन्ही जातील. म्हणून तिसरी दुसऱ्या गावी.” चरोदा म्हणजे दुसरं गाव काही नाही, पण लोकलनं जावं लागे, तेवढं अंतर त्यांना पुरेसं वाटे.

कॉलनीत त्यांची ख्याती पसरली होती. शेजारचे साहूजी एकदा मोठ्या आनंदानं एक पेन ड्राइव्ह दाखवायला आले. बोटाएवढा, आणि वर लिहिलेली जागा काकूंच्या सगळ्या डिस्कांहून जास्त. नातीच्या नाचाचे सगळे व्हिडिओ त्यात टाकून मोबाइल रिकामा करणार होते.

“अभी मत करना रिकामा,” काकू म्हणाल्या. “दो दिन मेरे पास छोड़ दो.”

दोन दिवस त्या त्यात फाइली भरत बसल्या आणि अंगठे जुळवत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला फोन केला, आवाजात अगदी लहान मुलीची खुशी. “अविनाश, येऊन पाय. हा खोटं बोलून राहिला.” पेन ड्राइव्ह सगळं घेत होता, सगळ्या फाइलींची नावं दाखवत होता, पण थोडं भरल्यावर नवीन फाइल जुन्या फाइलीच्या डोक्यावर लिहीत होता. काकूंनी त्याचं कवच सुरीनं उघडलं. आत मोबाइलमध्ये घालतात तसलं एक इवलंसं कार्ड आणि त्याला फसवं बोलायला शिकवणारी एक चिप. साहूजी भडकले, दुकानदाराला बघून घेतो म्हणाले. काकूंना राग वगैरे नव्हताच. त्या भिंगातून पाहत म्हणाल्या, “लेकिन दिमाग तो लगाया है, साहूजी.” मग त्यांनी साहूजींना दोन डिस्का घ्यायला लावल्या, एक घरी आणि एक मुलाच्या घरी, आणि नातीचा नाच तीन जागी वाजवून पाहिल्यावरच मोबाइल रिकामा करू दिला.

हे सगळं मी पाहत होतो, हसत होतो आणि माझं काम एकाच डिस्कवर ठेवत होतो. जागा होती ना.

मग ममताचं लग्न झालं. ममता म्हणजे आमच्याच रुआबांध्यातली मुलगी. लग्न थाटात झालं, आणि पंधराव्या दिवशी तिचे वडील झोपेतच गेले. दिवसकार्य झाल्यावर ती स्टुडिओत आली. म्हणाली, भैया, बाकी काही घाई नाही, पण पप्पा ज्यात आहेत ते आधी द्या. मी डिस्क जोडली. आतून टक्, टक् असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच आलं नाही. मी तिला दोन दिवसांनी ये म्हणालो. ती गेल्यावर पुन्हा जोडली, केबल बदलली, हलवली, पुन्हा जोडली. संध्याकाळी डिस्क रुमालात गुंडाळून काकूंकडे गेलो.

त्यांनी ती एकदाच चालू केली, कानाला लावली आणि लगेच काढून ठेवली.

“किती खेप लावली?”

“दहा-बारा.”

“अरे बाप्पा. आतलं डोकं आपटून राहिलं रे तबकडीवर. प्रत्येक खेपेला ओरखडा मारत असंल. आता याले हात नको लावू. उघडू नको, फ्रिजमंदी ठेवू नको, कोणी काही सांगू दे.” मग डिस्क परत रुमालात गुंडाळत म्हणाल्या, “शूटिंगचे कार्ड कोठी हायेत?”

कार्डं तीन होती. दोनांवर मी नंतरच्या कार्यक्रमांचं शूटिंग करून बसलो होतो. तिसरं पुसून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकलं होतं, अजून वापरलं नव्हतं. काकूंनी ते मागवून घेतलं, पहिल्यांदा त्याच्या कडेची बारकी खिटी सरकवून त्यावर काही लिहिलं जाणार नाही असं केलं, मग अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी नक्कल काढली आणि नकलेवर शोध सुरू केला. पुसलं म्हणजे नाहीसं होत नाही, त्या सांगत होत्या, नुसती अनुक्रमणिका फाडली जाते. पानं जागेवर असतात, जोवर कोणी त्यांवर लिहीत नाही.

शोध चालू असताना मी म्हणालो, “काकू, ममताला काय सांगू? कॅमेरा बिघडला होता सांगतो.”

त्यांनी मान वर केली. “कॅमेरा बिघडला होता का?”

“नाही.”

“मंग? डिस्क गेली सांग. एकच ठेवली होती तेही सांग. तिचा बाप गेला हाय, अविनाश. तिले आता खोटं नको देऊ.”

कन्यादान, सप्तपदी, निरोप, सगळं गेलं होतं. मिळालं ते एवढंच, लग्नाच्या सकाळची सात-आठ मिनिटं, त्या कार्डावर मी तेवढीच घेतली होती. ममताचे वडील गंजीफ्रॉक आणि पायजम्यात मांडवामागे आचाऱ्याशी बोलतायत. भात कमी पडू देऊ नको. बरातवाल्यांनी यायला बारा नाही वाजवले तर नाव बदलीन. मध्येच त्यांना कॅमेरा दिसतो आणि ते माझ्यावर वैतागतात, “अरे, मेरा क्या ले रहा है, दुल्हन का ले.”

मी ममताला सगळं खरं सांगितलं. तिनं मला जे सुनावलं ते सुनावायलाच हवं होतं. मग तिनं ती मिनिटं पाहिली. पाहून झाल्यावर पुन्हा लाव म्हणाली. तिसऱ्यांदा पाहताना ती वडिलांच्या “दुल्हन का ले” या वाक्यावर हसली, आणि मग रडली. ती तीन प्रती घेऊन गेली. काकूंनीच केल्या होत्या. माझ्या स्टुडिओत तेव्हापासून सगळं तीन ठिकाणी असतं.

इथपर्यंत वाचून काकू कधी चुकतच नसत असं कोणाला वाटेल. मलाही तसंच वाटत होतं.

देवराव वारण्याआधी काही महिने काकूंनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला होता आणि रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते रेकॉर्डिंग त्या कोणाला ऐकवत नसत. “घरचे” नावाच्या फोल्डरमध्ये ते होतं. एका उन्हाळ्यात त्यांनी सगळ्या फोल्डरांची नावं नीट लावायला घेतली. “घरचे” दोनदा दिसलं. एक नवीन केलेलं, एक जुनं. जुनं जास्तीचं समजून त्यांनी पुसलं. ज्या नव्या फोल्डरमध्ये त्याची नक्कल आहे असं त्यांना वाटलं, त्यात देवराव नव्हते. त्याच आठवड्यात सहामाही तपासणीसाठी बहिणीकडची डिस्क घरी आली होती. काकूंनी नेहमीप्रमाणे तिन्ही डिस्का एकसारख्या करणाऱ्या प्रोग्रामवर लावल्या. प्रोग्रामनं इमानदारीनं पहिलीसारखी दुसरी केली, दुसरीसारखी तिसरी केली. अंगठे सगळे जुळले.

त्यांच्या लक्षात आलं तेव्हा सव्वा महिना झाला होता आणि तिन्ही डिस्कांवर नवीन रेकॉर्डिंगं चढली होती. मी दोन दिवस त्यांच्यासोबत बसून शोधत होतो. फाइलीचं नाव मिळालं. नाव उघडलं तर आत एका म्हातारीची शेवयांची खीर निघाली.

मला वाटलं आता त्या कोसळतील. त्या पाणी प्यायल्या आणि टेबलाशी येऊन बसल्या.

“मी आगीचा विचार केला,” त्या म्हणाल्या. “चोराचा केला, पाण्याचा केला, विजेचा केला. माह्या हाताचा नाही केला. तिन्ही डिस्का एकाच मालकिणीचं ऐकत होत्या.”

मी म्हणालो, “काकू, त्यांनी काय सांगितलं होतं ते तर तुम्हाला आठवतं ना?”

“ते सांगता येते. पुऱ्या खाल्ल्या होत्या, टेशनवर. पण बोलता बोलता कोठी थांबले होते, किती वेळ थांबले होते, ते नाही ना सांगता येत.”

पुढच्या पौर्णिमेला बुद्धविहारात कार्यक्रम संपल्यावर त्यांनी माइक मागून घेतला. मी गेलो होतो. सगळ्यांना वाटलं आता सूचना देतील. त्यांनी आपली चूक सांगितली. मोठ्या आवाजात, क्रमानं, एखाद्या अपघाताचा अहवाल वाचावा तशी. कोणत्या दिवशी काय पुसलं, मग काय केलं, कुठं थांबायला पाहिजे होतं. शेवटी म्हणाल्या, “एकसारखं करणं म्हणजे जतन नोय. वर्षातून एक प्रत अशी करा की तिले परत कोणाशी जुळवाचं नाही. लिहाची आन बंद करून ठेवाची. चूक केली तं ती तरी चुकीच्या आधीची राहील.” खाली बसल्या. मागच्या रांगेत एक बाई शेजारणीला विचारत होती, नवऱ्याचा आवाज गेला ना हिचा? मग ही रडून कावून नाही राहिली?

रडल्या असतील तर मला माहीत नाही. मला दिसलं ते एवढंच की त्यानंतर त्यांचं काम बदललं. आतापर्यंत त्या गोळा करत होत्या, आता वाटायला लागल्या. ज्याचं रेकॉर्डिंग त्याच्या घरी त्याची प्रत. “माह्या घरी तीन राहण्यापरीस लोकांच्या घरी एकेक राहू दे. समद्यांचा हात एकाच दिवशी नाही चुकणार.” बहुतेक म्हातारे तोवर गेले होते. काकू त्यांच्या मुलानातवंडांच्या दारात जात. पेन ड्राइव्ह देऊन निघून येणं त्यांना मान्य नव्हतं. तिथल्या तिथं लावून दाखवत, दुसऱ्या जागी कॉपी करायला लावत, मगच चहा घेत. पुष्कळ नातवंडांना मराठी नीट कळत नसे. माझी मुलगीही घरी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते. काकू त्यांना म्हणत, “अभी मत समझो. रखो तो सही.”

लॅपटॉप उचलायला म्हणून मी बऱ्याचदा बरोबर असे. पुढे काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले आणि नागपूरला असलेली लेक त्यांना घेऊन गेली. दोन वर्षांनी तिथंच त्या वारल्या. लेकीनं फोन करून कळवलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नागपूरला निघण्याच्या आठवड्यात, चरोद्यात, नंदेश्वरांच्या घरी.

नंदेश्वर म्हणजे देवरावांचे यार्डातले जोडीदार. ऐंशीच्या घरातले, ऐकायला कमी येई, पण हयात होते. त्यांचं रेकॉर्डिंग त्यांच्याच या पुढच्या खोलीत झालं होतं. काकूंनी सवयीप्रमाणे सुरुवात वाजवली, मध्ये वाजवलं, शेवट वाजवला, आणि लॅपटॉप मिटायला लागल्या.

“पुरं लाव ना,” नंदेश्वर म्हणाले. “मी काय बोललो ते मले तं ऐकू दे.”

“बराबर हाय भाऊजी, मी तपासलं.”

“तू तपासलं. मी नाही ऐकलं.”

काकूंनी आवाज मोठा केला आणि लावलं. नंदेश्वर कुण्या ठेल्यावरच्या चहा-पावाची गोष्ट सांगत होते. बाहेर यार्डात वाघिणी जोडल्या जात असल्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्येही येत होता आणि खिडकीतूनही. एका जागी नंदेश्वर म्हणाले, “तवा आमी दोघं होतो, मी आन...” आणि त्यांच्या मागून, खोलीच्या कोपऱ्यातून यावा तसा, दुसरा एक आवाज आला. जरा घोगरा.

“अरे पण, त्या दिवशी...”

लगेच काकूंचा आवाज. तरुण नव्हे, पण आताच्यापेक्षा टणक. “तुमी गप बसा ना जी. रेकॉर्डिंग चालू हाय.”

मग नंदेश्वर पुन्हा पाव-चहावर आले.

काकूंनी हात पुढे केला आणि थांबवलं. थोडं मागे नेलं. पुन्हा लावलं. अरे पण, त्या दिवशी. तुमी गप बसा ना जी. पुन्हा मागे नेलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, कारण दुसरीकडे कुठं पाहावं ते मला सुचत नव्हतं.

नंदेश्वरांना बहुधा उशिरा कळलं. ते म्हणाले, “देवराव होय ना तो? तो होता त्या दिवशी. तू त्याले अशीच दटावत होती नेहमी.”

“हो,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज साधाच होता. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी खुर्ची ओढून नंदेश्वरांच्या कानाजवळ नेली.

“भाऊजी, त्या दिवशी काय? काय सांगणार होते ते?”

“कोणत्या दिवशी?”

“तुमी दोघं ठेल्यावर होते त्या दिवशी. ‘अरे पण, त्या दिवशी’ म्हणून राहिले. पुढं काय असंल?”

नंदेश्वर विचारात पडले. मला एका साखरपुड्याच्या शूटिंगला पोचायचं होतं. मी पेन ड्राइव्हवरची प्रत उघडून पाहिली, तीन जागी वाजवली, जुळली, आणि निघतो म्हणालो. काकूंनी माझ्याकडे न बघता हात हलवला.

“पाऊस होता का त्या दिवशी?” त्या विचारत होत्या.

“पाऊस नोयता. थंडी होती.”

“मंग शालीचं असंल. शाल हरवली होती म्हणतात.”

“शाल नाही, त्याचा बूट. बूट सापडत नोयता त्याचा.”

“बुटाचं मले कधी नाही सांगितलं,” काकू म्हणाल्या, आणि पिशवीतून रेकॉर्डर काढून नंदेश्वरांच्या पुढे ठेवला. “सांगा.”